मोटारीचे एंजिन बाहेर काढताना

रस्त्याने मोटारगाडी जाऊ लागली म्हणजे आपले लक्ष तिच्या रंगाकडे, दिव्यांकडे आणि आत बसलेल्या मंडळींकडे जाते. गाडीस ओढून नेणारे एंजिन मात्र झाकणाखाली दडलेले असते व ते पाहण्याची जिज्ञासा फारच थोड्यांस होते. गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत आम्हांस एका जुन्या मोटारीचे एंजिन बाहेर काढण्याच्या कामी हातभार लावण्याचा योग आला. त्या कामात आम्ही पुष्कळ शिकलो, आणि एक चूकही केली. ते एंजिन गाडीत कसे बसविलेले असते, ते कोणत्या क्रमाने सोडवावे, आणि आमची चूक कोठे झाली, हे आमच्या विद्यार्थी मित्रांस व त्यांच्या पालकांस सांगावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

ही गाडी म्हणजे अमेरिकेतील फोर्ड कंपनीची सुप्रसिद्ध ‘मॉडेल टी’ होय. हेन्री फोर्ड यांनी ही गाडी 1908 साली डेट्रॉइट शहरी प्रथम विक्रीस आणली आणि 1927 साली ती बनविणे बंद झाले. या एकोणीस वर्षांत दीड कोटीहून अधिक गाड्या बाहेर पडल्या. प्रारंभी तिची किंमत 850 डॉलर होती. पुढे ती उतरत उतरत तीनशे डॉलरच्याही खाली आली. आपल्या देशाचाही या गाडीशी संबंध आहे. इंग्लंड वगळता ब्रिटिश साम्राज्यातील देशांस गाड्या पुरविण्याचा हक्क कॅनडातील फोर्ड कंपनीकडे असल्यामुळे हिंदुस्थानात त्या काळी उतरलेल्या या जातीच्या गाड्या मुख्यत्वे तिकडून आल्या. आमच्या स्नेह्यांच्या वाड्यातील गाडी 1923 सालची असून त्यांच्या आजोबांनी ती घेतली होती. आज ती शंभरी ओलांडून गेली आहे. तथापि तिचे एंजिन दुरुस्त करून ती पुन्हा रस्त्यावर आणावी, अशी त्या घराची इच्छा होती.

एंजिन मुळी बाहेर काढावेच का लागते, असा प्रश्न कोणी विचारील. बरीचशी दुरुस्ती एंजिन जागेवर ठेवूनच करता येते. या गाडीच्या चारही सिलिंडरांचे डोके वेगळे काढता येते, आणि खालच्या बाजूची एक पत्र्याची झडप उघडली की दट्ट्यांच्या दांड्यांपर्यंत हात पोहोचतो. परंतु विजेची ठिणगी पाडणारा जो मॅग्नेटो, तो या एंजिनाच्या पाठीमागे अगदी आत असतो. फ्लायव्हील नावाच्या जड चाकावर इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकाराचे सोळा लोहचुंबक बसविलेले असतात आणि त्यांच्या समोर तारेची सोळा वेटोळी एका स्थिर कड्यावर असतात. चाक फिरले की चुंबक वेटोळ्यांवरून फिरतात व वीज उत्पन्न होते. चुंबक आणि वेटोळी यांमधील अंतर अवघे एका इंचाचा बत्तिसावा भाग असावे लागते. ही वेटोळी जळाली, अथवा त्यामागील गिअरचे ढोल झिजले, तर एंजिन व गिअर ही दोन्ही एकत्र बाहेर काढण्यावाचून गत्यंतर नाही. आमच्या स्नेह्यांच्या गाडीची वेटोळी निकामी झाली होती.

आता हे एंजिन गाडीच्या सांगाड्यात कसे बसते ते पाहू. त्याला आधार तीनच ठिकाणी आहे. पुढच्या बाजूस सांगाड्याच्या आडव्या पट्टीवर एक, आणि मागच्या बाजूस डाव्या-उजव्या अंगास दोन. एंजिनाच्या तळाशी पोलादी पत्र्याचे एक लांब पात्र असते. त्यात तेल राहते, म्हणून आमचे मिस्त्री त्यास ‘तेलाची परात’ म्हणत. या परातीस दोन्ही बाजूंना रिबिटांनी जोडलेले दोन हात असतात व ते हात सांगाड्याच्या उभ्या पट्ट्यांवर टेकतात. तीनच आधार का, याचे कारण आपल्या घरातील चूल सांगते. तीन धोंड्यांवर ठेवलेले भांडे जमीन कशीही उंचसखल असली तरी डगमगत नाही. चौथा धोंडा ठेवला की एक कोठे तरी अधांतरी राहतो. त्या काळी अमेरिकेतील खेड्यांचे रस्ते खाचखळग्यांचे होते. गाडीचे एक चाक खड्ड्यात व दुसरे उंचवट्यावर गेले म्हणजे सांगाडा पिळवटून निघे. एंजिन चार कोपऱ्यांवर घट्ट आवळलेले असते, तर तो पीळ त्यालाही बसला असता. तीन आधारांमुळे सांगाडा पिळला तरी एंजिन सरळ राहते.

या तीन आधारांखेरीज आणखी पुष्कळ वस्तू एंजिनास धरून असतात. पाण्याच्या नळ्या, पेट्रोलची नळी, धूर बाहेर नेणारी नळी, विजेच्या तारा, आणि सुकाणूजवळच्या दोन दांड्यांपासून आलेल्या सळया, एक ठिणगीची वेळ पुढेमागे करणारी व दुसरी पेट्रोलचा पुरवठा कमीअधिक करणारी. मागे चाकांकडे शक्ती नेणारा दांडा जोडलेला असतो. आणि खाली, सहसा नजरेस न पडणाऱ्या जागी, पुढच्या आसाला आधार देणाऱ्या दोन तिरप्या दांड्यांचे टोक एका गोल वाटीत बसलेले असते. एंजिन काढणे म्हणजे ही सर्व बंधने एक एक करून सोडविणे होय. उचलण्याचे काम काही मिनिटांचे. सोडविण्याचे काम दिवसभराचे.

गाडीबरोबर मालकास जी पुस्तिका मिळे, ती प्रश्नोत्तरांच्या रूपाने लिहिलेली होती. एंजिन कसे काढावे, हाही त्यातील एक प्रश्न होता. गिऱ्हाइकांपैकी बहुत जण शेतकरी होते व कारखाना त्यांच्यापासून शेकडो मैल दूर होता. म्हणून सामान्य माणसाने आपल्या कोठारात, साध्या हत्यारांनी, शेजाऱ्याच्या मदतीने हे काम करावे अशीच गाडीची रचना होती. मिस्त्रींनी ठरविलेला क्रम त्या पुस्तिकेतील क्रमाशी पुष्कळसा जुळता होता.

कामास आरंभ करण्यापूर्वी मिस्त्रींनी तीन गोष्टी करविल्या. गाडी सपाट फरसबंद जागेवर आणून चाकांच्या पुढेमागे लाकडी ठोकळे लावले. एंजिन ठेवण्यासाठी जाड फळ्यांचा एक भक्कम ओटा आधीच शेजारी तयार केला. कारण उचललेले ओझे कोठे ठेवावे याचा विचार ते उचलल्यावर करून चालत नाही. आणि तिसरी गोष्ट म्हणजे दहा-बारा रिकाम्या डब्या, दोऱ्याचे एक रीळ, कागदाच्या चिठ्ठ्या व एक वही. आमच्या बरोबर वरच्या वर्गातील दोन विद्यार्थी होते, त्यांपैकी एकास मिस्त्रींनी या वहीचा कारभार दिला. “पान्याचे काम कोणीही करील, बाळ,” ते म्हणाले, “वहीचे काम चुकले तर गाडी महिनाभर अशीच उभी राहील.”

प्रथम पेट्रोल. या गाडीत पेट्रोलची टाकी बैठकीखाली असते व तेथून पेट्रोल आपल्याच वजनाने खाली उतरते. टाकीखालचा नळ बंद करून मगच कार्ब्युरेटरची नळी सोडविली. नळीत उरलेले पेट्रोल एका डबीत धरले. पेट्रोलची वाफ डोळ्यांस दिसत नाही, पण ती जमिनीलगत पसरते व दूरच्या ठिणगीनेही पेट घेते. म्हणून त्या दिवशी वाड्यात बिडी, काडेपेटी व चूल यांस पूर्ण बंदी होती. आमची गाडी हाताने फिरवून चालू करावयाची असल्यामुळे तिला बॅटरी नव्हती. ज्या गाडीस बॅटरी असेल, तिच्या सांगाड्याला जोडलेली तार सर्वांआधी सोडवावी, म्हणजे पाना चुकून कोठे टेकला तरी ठिणगी उडणार नाही.

नंतर पाणी आणि तेल. रेडिएटरच्या तळाची तोटी उघडून पाणी घमेल्यात घेतले. एंजिन गरम असता हे कधीही करू नये. उकळते पाणी अंगावर येते. या एंजिनास पाणी फिरविणारा पंप नाही. तापलेले पाणी हलके होऊन वर चढते, रेडिएटरमध्ये निवून जड होते व खाली उतरते. अशा रीतीने ते आपोआप फिरत राहते. फ्लायव्हीलखालची बुचाची चाकी काढून तेलही काढून घेतले. एंजिन व गिअर यांचे तेल एकच असल्यामुळे एका बुचात दोन्ही रिकामी झाली.

मग बॉनेट उचलून बाजूस ठेवले. रेडिएटरच्या रबरी नळ्या सोडविल्या, वरची आधाराची सळई काढली, खालच्या दोन चाक्या फिरविल्या, आणि रेडिएटर अलगद उतरवून भिंतीशी उभा केला. हे अवश्य आहे, कारण एंजिन सरळ वर उचलता येत नाही. मागील दांड्याचे चौकोनी टोक गिअरच्या चौकोनी खोबणीत शिरलेले असते. ते सुटण्यासाठी एंजिन आधी पुढे सरकावे लागते, आणि रेडिएटर काढल्याशिवाय पुढे जागा होत नाही.

त्यानंतर तारांची पाळी आली. ठिणगी वाटणाऱ्या यंत्राच्या चार तारा, चार ठिणगीबुचांच्या चार तारा आणि मॅग्नेटोची एक, या प्रत्येक तारेस दोऱ्याने चिठ्ठी बांधून मगच ती सोडविली, व वहीत तिचा आकडा लिहिला. ठिणगीच्या तारांची अदलाबदल झाली, तर एंजिन चालू होत नाही किंवा उलटा हिसका देते. आणि हाताने फिरवावयाच्या गाडीत असा हिसका मनगट मोडू शकतो. वहीचे महत्त्व तेव्हा आमच्या ध्यानात आले. दोन्ही सळया सोडविल्यावर समोरची फळी व सुकाणू हे एकत्रच सैल करून बाजूस घेतले.

धूर नेणाऱ्या नळीची मोठी पितळी चाकी तेथल्या उष्णतेने इतकी घट्ट बसली होती की पाना घसरू लागला. एका विद्यार्थ्याने हातोडा उचलला. मिस्त्रींनी तो हळूच काढून घेतला, चाकीवर रॉकेल सोडले व सर्वांस चहा घेण्यास सांगितले. अर्ध्या तासाने तीच चाकी फारसे बळ न लावता फिरली. पायांखालच्या फळ्या काढून मागील जोडाचे चार बोल्टही असेच सोडविले. प्रत्येक बोल्ट काढल्यावर त्याची चाकी पुन्हा त्यावरच चढवून, ठिकाणाचे नाव लिहिलेल्या डबीत ठेवण्याची त्यांची शिस्त होती.

शेवटी एंजिनाखाली जाऊन आसाच्या तिरप्या दांड्यांची वाटी सोडवावयाची. तिला दोन बोल्ट असतात. एक आम्ही स्वतः काढला. दुसऱ्याभोवती चिखल व तेल यांचा जाड थर बसला होता, तो खरवडून मग काढू, असे म्हणून आम्ही बाहेर आलो. आणि तेवढ्यात पुढील आधाराचे व दोन्ही हातांचे बोल्ट काढण्याचे काम सुरू झाले. त्या गडबडीत तो दुसरा बोल्ट राहून गेला.

आता उचलणे. चार सिलिंडरांपैकी मधल्या दोहोंच्या दरम्यान एक पोकळी आहे. तीतून जाड दोर ओवून त्याचा सैल फास केला. फासातून सुमारे दहा फूट लांबीचा भक्कम वासा घातला. वाशाच्या दोन टोकांस एक एक माणूस आणि तिसरा पुढे एंजिन फिरविण्याच्या हँडलास, अशा तीन माणसांनी एंजिन उचलावे, अशी जुन्या पुस्तिकेतील रीत आहे. त्या वेळी मिस्त्री दोन प्रहरच्या जेवणास गेले होते. “मी आल्यावर उचलू,” असे ते सांगून गेले होते. पण सर्व सुटले आहे, ओटा तयार आहे, मुले उत्सुक आहेत, असे पाहून आम्हीच म्हणालो, “चला, उचलू या.”

एंजिन मागून सुटले, चार बोटे पुढे आले, आणि अडले. येथे थांबावयास हवे होते. आम्ही थांबलो नाही. “जोर लावा,” असा शब्द आमच्या तोंडून गेला. दोघांनी खांद्यांनी वासा रेटला. खाली कोठे तरी कडकन आवाज होऊन तो राहिलेला बोल्ट आट्यांसह निसटला, आणि ओझे एकदम हिसक्यासरशी वर आले. ते एका अंगास झुलले व परातीचा डावा हात सांगाड्याच्या पट्टीवर आपटला. हँडल धरलेल्या विद्यार्थ्याने तोल सावरण्यासाठी दुसरा हात नेमका त्याच पट्टीवर टेकला होता. त्याची बोटे केवळ जवभर अंतराने वाचली. एंजिन कसेबसे ओट्यावर टेकवून आम्ही सर्व तसेच उभे राहिलो. कोणी काही बोलेना.

मिस्त्री परत आले. त्यांनी आधी त्या मुलाचा हात उलटसुलट करून पाहिला, मग गाडीखाली डोकावले. रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, “मास्तर, यंत्र अडले तर ते ओढायचे नसते. काय राहिले ते बघायचे असते.”

परातीचा हात वरवर पाहता ठीक दिसत होता. पण मिस्त्रींनी लोखंडी पट्टी लावून पाहिली तेव्हा तो वाकल्याचे दिसून आले. हे नुकसान लहान नव्हे. या परातीच्या मागच्या टोकाशी गिअरचा आधार असतो. परात वाकडी झाली की गिअर व क्रँकशाफ्ट एका रेषेत राहत नाहीत. फिरताना प्रत्येक फेऱ्यास शाफ्ट किंचित वाकतो, आणि या गाडीचा शाफ्ट मुळातच बारीक असल्यामुळे काही काळाने तो तुटतो. म्हणजे त्या दिवशीच्या एका क्षणाच्या उतावळेपणाचे फळ दोन वर्षांनी, भर रस्त्यात, दुसऱ्याच कोणास भोगावे लागले असते. परात सरळ करून आणण्यात जवळजवळ दोन महिने गेले. तो खर्च आम्ही दिला, पण स्नेह्यांच्या घरी ज्या दिवशी गाडी फिरवावयाची होती, तो दिवस मात्र निघून गेला.

हल्ली चांगल्या कारखान्यात वासा वापरीत नाहीत. भक्कम तिकाटण्यास साखळीची कप्पी टांगून एंजिन उचलतात, आणि तेच योग्य आहे. कारण कप्पीने ओझे बोटबोट वर घेता येते, हवे तेथे थांबविता येते, आणि अडल्यास तत्काळ कळते. परंतु कप्पी असो वा वासा, काही नियम सारखेच आहेत. लोंबत्या ओझ्याखाली कोणीही जाऊ नये. ओझे व लोखंड यांच्या मध्ये हात घालू नये. हुकूम एकानेच द्यावा, आणि तो सर्वांत जाणत्याने. उचलण्यापूर्वी वही घेऊन गाडीभोवती एकदा संपूर्ण फिरावे व प्रत्येक बंधनापुढे खूण आहे की नाही हे पाहावे. आमच्या वहीत त्या दुसऱ्या बोल्टापुढे खूण नव्हती. वही ठेवणाऱ्या विद्यार्थ्याने ती जागा कोरीच ठेवली होती; आम्ही वही विचारलीच नाही.

एंजिन परत बसविण्याचे काम याच क्रमाने, परंतु उलट दिशेने चालते. फोर्ड यांच्या हायलंड पार्क येथील कारखान्यात 1913 साली सरकत्या साखळीवर गाड्या जोडण्यास आरंभ झाला, तेव्हा तयार एंजिन वरून उतरवून असेच सांगाड्यावर टेकवीत. या पद्धतीने एका गाडीच्या सांगाड्याची जुळणी सुमारे साडेबारा तासांऐवजी सुमारे दीड तासात होऊ लागली. ही घाई नव्हती. प्रत्येक वस्तू जेव्हा व जेथे पाहिजे तेव्हा तेथे हजर असे, एकही काम राहून जात नसे, म्हणून वेळ वाचत होता. आमच्या कामातही असेच झाले. चिठ्ठ्या व डब्या यांमुळे वाड्यात एंजिन बसविण्यास एकच दिवस पुरला. एकही बोल्ट शोधावा लागला नाही, एकही तार चुकली नाही. हँडल चौथ्या वेळी फिरविल्याबरोबर एंजिन चालू झाले, तेव्हा घरातील वृद्ध आजीबाई ओसरीवर येऊन उभ्या राहिल्या. लग्न होऊन त्या या घरी आल्या त्या याच गाडीतून.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हांपैकी सर्वांसच मोटारीचे एंजिन काढण्याचा प्रसंग येईल असे नाही. परंतु गणितातील अडलेले उदाहरण, न समजणारे व्याकरण किंवा जुळत नसलेला जमाखर्च यांपुढे प्रत्येकास बसावे लागते. अशा वेळी बळ लावण्याचा मोह होतो, उत्तर ओढून आणावेसे वाटते. तेव्हा हात थांबवावा आणि कोणता बोल्ट राहिला आहे ते शांतपणे पाहावे. आणि पालकांस आमची विनंती अशी की, घरात एखादे जुने शिवणयंत्र किंवा सायकल असेल तर मुलांस ती उघडून पुन्हा जोडू द्यावी. मात्र हाती पाना देण्याच्या आधी वही द्यावी, आणि ती वही वडील माणसांनीही वाचावी.